फुसक्या बाराचा हिशेब

ऑगस्ट २०१९ मध्ये बिहारच्या सुपौल जिल्ह्यातील बलुआ या गावी माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. मानवंदनेसाठी उभ्या असलेल्या पोलिसांनी २२ रायफली आकाशाकडे रोखल्या, चाप ओढले आणि एकाही रायफलीतून बार निघाला नाही. दूरचित्रवाहिन्यांनी ते दृश्य दिवसभर दाखवले. विरोधकांनी सरकारची खिल्ली उडवली, चौकशीचे आदेश निघाले आणि आठवडाभरात विषय मागे पडला. एक रायफल चालली नाही तर दोष रायफलीचा असू शकतो. बावीसच्या बावीस चालत नाहीत तेव्हा संशयाची सुई प्रथम काडतुसांकडे, आणि काडतुसांतही त्यांच्या बुडाशी बसवलेल्या कॅपकडे वळते. अंत्यसंस्काराच्या वेळी न उडालेल्या बाराने कोणाचा जीव गेला नाही. चकमकीत तो जाऊ शकतो, आणि म्हणून हा विषय विनोदावर सोडून देण्याजोगा नाही.

खानदेशाशी तर त्याचे नाते अधिकच जवळचे आहे. लष्कर आणि पोलिसांच्या रायफलींसाठी लागणारी काडतुसे बनवणारी देशातील एक प्रमुख आयुध निर्माणी जळगाव जिल्ह्यात वरणगावला आहे. तिच्यापासून जवळच भुसावळची निर्माणी दारूगोळ्याच्या पेट्या आणि डबे बनवण्यासाठी ओळखली जाते. धुळ्यात राज्य राखीव पोलिस दलाचा गट क्रमांक ६ आहे आणि पोलिसांचे प्रशिक्षण केंद्रही आहे. म्हणजे काडतूस तयार होते, बंद डब्यात भरले जाते आणि नवख्या जवानाच्या हातून पहिल्यांदा उडवले जाते ते याच पट्ट्यात. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्याच्या सीमेवर, याच धंद्याची काळी बाजू आहे. बलुआच्या काडतुसांचा वरणगावशी काही संबंध होता असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. पण बार फुसका का निघतो, याचे उत्तर ज्यांना माहीत असायला हवे त्यांतले बरेच जण तापीच्या खोऱ्यात राहतात.

काडतुसाची रचना वरवर पाहता साधी आहे. पितळेची पुंगळी, तिच्या तोंडाशी गोळी, पोटात दारू आणि बुडाशी वाटाण्यापेक्षाही लहान अशी धातूची टोपी. पोलिस तिला कॅप म्हणतात, तांत्रिक भाषेत ती प्रायमर. चाप ओढला की फायरिंग पिन या टोपीवर आदळते. टोपीतील अतिसंवेदनशील मिश्रण टोपीचा तळ आणि आतील ऐरण यांच्यामध्ये चिरडले जाते, पेटते, आणि त्याची ज्वाला बारीक छिद्रातून दारूपर्यंत पोहोचते. पुढचे सारे दारूच्या वायूचे काम. या साखळीतील एकही कडी सैल असेल तर जवानाला ऐकू येतो तो फक्त ‘टक्’ असा आवाज.

हा आवाज आल्यावर काय करावे, हे प्रत्येक प्रशिक्षण केंद्रात शिकवले जाते, आणि तरीही घाईत विसरले जाते. काडतूस मेले आहे असे लगेच गृहीत धरायचे नसते. क्वचित प्रसंगी मिश्रण धुमसत राहते आणि बार काही क्षणांनी उडतो. तेवढ्यात चेंबर उघडले असेल तर पुंगळी तोंडाशी फुटते. म्हणून सरावाच्या मैदानावर नळी लक्ष्याच्या दिशेनेच रोखून किमान अर्धा मिनिट थांबण्याचा दंडक आहे. याहून फसवा प्रकार म्हणजे अर्धवट बार. कॅप पेटते, पण दारू नसते किंवा नीट पेटत नाही, आणि गोळी नळीत निम्म्यावर अडकून बसते. आवाज दबका येतो, धक्का जाणवत नाही. नेमबाजाने ते ओळखले नाही आणि पुढची गोळी झाडली, तर नळी फाटते. न उडालेल्या बारापेक्षा अर्धवट उडालेल्या बाराची भीती जाणकारांना अधिक वाटते ती यामुळे.

दोष शोधण्याची पद्धत मात्र डॉक्टरच्या तपासणीसारखी पायरीपायरीची आहे, आणि तिची सुरुवात कॅपवरच्या खळग्यापासून होते. न फुटलेल्या काडतुसाच्या टोपीवर पिनेचा ठसा उथळ असेल, तर आधी शस्त्राची झडती घ्यावी लागते. स्प्रिंग थकली आहे काय, पिनेचे टोक झिजले आहे काय, बोल्टमध्ये जुने वंगण घट्ट होऊन पिनेची गती मंदावली आहे काय, हे प्रश्न मग पुढे येतात. ठसा खोल आणि मध्यावर असूनही बार झाला नसेल, तर शस्त्र निर्दोष ठरते आणि आरोप काडतुसावर येतो. टोपीतले मिश्रण दमटपणाने किंवा तेलाने निकामी झालेले असू शकते, त्याचा थर तडकलेला असू शकतो, किंवा मिश्रण भरायचेच राहून गेलेले असू शकते. तिसरी शक्यता सर्वांत चकवा देणारी आहे. टोपी तिच्या खोबणीत पूर्ण बसलेली नसेल, तर पहिला आघात तिला केवळ आत ढकलण्यात खर्ची पडतो आणि तेच काडतूस दुसऱ्या आघाताला बिनतक्रार उडते. अशा वेळी जवान ‘दुसऱ्यांदा चालले की’ म्हणून विषय सोडून देतो. प्रत्यक्षात तेथे एका संपूर्ण खेपेतील जोडणीचा दोष हाती लागलेला असतो आणि तो तसाच निसटतो. संशयित काडतूस दुसऱ्या, चांगल्या स्थितीतील शस्त्रातून तपासून पाहिल्याखेरीज कोणत्याही निष्कर्षाला यायचे नाही, हा शस्त्रागारातील जुना नियम त्यामुळेच आहे.

टोपीच्या शोधामागेही फुसक्या बाराचाच इतिहास आहे. चकमकीच्या बंदुकीत गारगोटीची ठिणगी उघड्या कानात पडे, आणि पाऊस वा वारा असला की ती वाया जाई. स्कॉटलंडमधील पाद्री अलेक्झांडर फोर्साइथ यांनी १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे पेटंट घेतले ते पक्ष्यांच्या शिकारीत ठिणगीच्या झगमगाटाने सावज उडून जाते म्हणून. १८३४ मध्ये वूलविच येथे दोन्ही प्रकारच्या बंदुकींची तुलना झाली. प्रत्येक प्रकारातून सहा हजार बार काढले गेले. गारगोटीच्या बंदुकींनी ९२२ वेळा दगा दिला, टोपीच्या बंदुकींनी ३६ वेळा. एवढा फरक दिसूनही कंपनी सरकारच्या हिंदी पलटणींना नव्या बंदुका मिळण्यास वेळ लागला. त्याची किंमत मे १८४१ मध्ये चीनमधील कँटननजीक ३७व्या मद्रास पायदळाच्या एका तुकडीने मोजली. मुसळधार पावसात तिच्या चकमकीच्या बंदुका बंद पडल्या आणि हजारो गावकऱ्यांच्या वेढ्यात ती संगिनींवर तग धरून राहिली. तिची सुटका केली ती टोपीच्या बंदुका घेऊन आलेल्या गोऱ्या सैनिकांनी. शस्त्र तेच, शिपाई तेवढेच शूर. फरक फक्त एका धातूच्या टोपीचा.

खानदेशानेही हे स्थित्यंतर पाहिले आहे. जेम्स औट्रम याने १८२५ मध्ये उभारलेल्या खानदेश भिल्ल कोअरचे ठाणे धरणगावला होते. पुढे खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांनी सातपुड्यात इंग्रजांशी लढा दिला आणि १८५८ च्या एप्रिलात अंबापाणीला मोठी लढाई झाली. त्या लढ्यातील शस्त्रांच्या असमतोलाची चर्चा करताना नळीची लांबी आणि पल्ला यांचाच विचार होतो. बार खात्रीने उडण्याची क्षमता हे त्या असमतोलाचे दुसरे, कमी चर्चिले गेलेले अंग होते.

वर्तमानाकडे यायचे तर वरणगावकडे पाहावे लागते. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर संरक्षण उत्पादनाचा जो विस्तार झाला, त्यात ही निर्माणी उभी राहिली. रायफलींसाठी लागणारी ७.६२ मिमी आणि पुढे इन्सास रायफलीची ५.५६ मिमी काडतुसे ही तिची ओळख. काडतुसांचे उत्पादन कोटींच्या संख्येत मोजले जाते आणि येथेच गुणवत्तेच्या प्रश्नाचे खरे स्वरूप कळते. काडतूस एकदा उडवले की संपते. प्रत्येक काडतूस तपासून पाहायचे तर विकायला एकही उरणार नाही. म्हणून तपासणी नमुन्यावर चालते. एखाद्या खेपेत हजारात एक काडतूस निकामी असेल आणि त्यातून ५०० काडतुसांचा नमुना उडवून पाहिला, तर नमुन्यात एकही निकामी काडतूस न सापडण्याची शक्यता सुमारे ६० टक्के निघते. हा साधा गणिताचा भाग आहे. दहा जवानांची तुकडी प्रत्येकी १०० काडतुसे घेऊन निघाली, तर अशा खेपेतील सरासरी एक फुसके काडतूस तिच्याबरोबर निघालेले असते. कोणाच्या मॅगझिनमध्ये आणि कितवे, हे कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे अंतिम तपासणीपेक्षा उत्पादन चालू असतानाची शिस्त अधिक निर्णायक ठरते. मिश्रणाचे वजन, टोपी बसवण्याची खोली, तिच्याभोवतीचे वॉर्निश या गोष्टींवर यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगाराची नजर हवी. मिश्रण ओलसर असतानाच हाताळावे लागते, कारण कोरडे झाल्यावर ते घर्षणानेही भडकते. धोका पत्करून नेमकेपणा सांभाळण्याचे हे काम आहे आणि कौशल्य वर्षानुवर्षांच्या सरावाने येते.

आयुध निर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त झाले. देशातील ४१ निर्माण्या सात सरकारी कंपन्यांत विभागल्या गेल्या आणि वरणगाव पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. कामगार संघटनांनी विरोध केला, संपाचा इशारा दिला. त्यावर सरकारने अत्यावश्यक संरक्षण सेवा कायदा करून संपाचाच मार्ग बंद केला. कर्मचाऱ्यांना प्रतिनियुक्तीवर समजून कंपन्यांकडे ठेवण्यात आले आणि ती मुदत पुढे वाढवत नेली गेली. वरणगाव आणि भुसावळच्या वसाहतींतून आजही चर्चा ऐकू येते ती पगार, निवृत्तिवेतन आणि भरती यांची. ती स्वाभाविक आहे. पण या वादात काडतुसाची गुणवत्ता हा मुद्दा दोन्ही बाजूंनी सोयीपुरता वापरला, हेही नोंदवले पाहिजे. निर्माण्यांच्या दर्जाबाबत लष्कराच्या तक्रारी जुन्या आहेत. २०१४ पासूनच्या सहा वर्षांत सदोष दारूगोळ्यामुळे ९६० कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा लष्करी अहवालाचा हवाला देणाऱ्या बातम्या २०२० मध्ये प्रसिद्ध झाल्या. मंडळाने त्या आरोपाचा प्रतिवाद केला आणि अपघातांमागे साठवणूक, हाताळणी आणि शस्त्रांची देखभाल हीही कारणे असतात असे सांगितले. दोघांचेही म्हणणे अंशतः खरे असण्याची शक्यता मोठी आहे. टोपीवरचा ठसा उथळ की खोल, याची नोंद प्रत्येक प्रसंगी ठेवली गेली असती तर वाद एवढा लांबलाच नसता.

महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालातील एक बाब या संदर्भात आठवण करून देण्यासारखी आहे. तोफांच्या मोठ्या गोळ्यांपैकी ८३ टक्के साठा फ्यूजअभावी युद्धात वापरण्याच्या स्थितीत नव्हता, असे त्या अहवालात म्हटले होते. गोळे होते, दारू होती, नव्हता तो त्यांना पेटवणारा छोटा भाग. रायफलीच्या काडतुसात जे स्थान कॅपचे, तेच तोफगोळ्यात फ्यूजचे. आकाराने सर्वांत लहान आणि दर्जाच्या दृष्टीने सर्वांत कठोर असलेल्या घटकाकडे नियोजनकर्त्यांचे लक्ष शेवटी जाते, हा आपल्याकडचा जुना दोष त्यातून दिसतो. तपासणीत नापास झालेला दारूगोळा वर्षानुवर्षे आगारांत पडून राहतो, हा त्याच अहवालातील दुसरा निष्कर्ष. त्याच्या आदल्याच वर्षी, ३१ मे २०१६ च्या पहाटे, पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा आगारात झालेल्या स्फोटाने अशा विलंबाचा अर्थ महाराष्ट्राला दाखवून दिला होता.

आता वरणगावला देशातच स्पर्धक उभा आहे. अदानी समूहाचा कानपूर येथील काडतूस कारखाना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला आणि वर्षाला १५ कोटी छोटी काडतुसे बनवण्याची क्षमता कंपनीने जाहीर केली. त्याच वर्षी संरक्षण मंत्रालयाने गुणवत्ता हमी महासंचालनालयाची पुनर्रचना केली. स्पर्धेने किंमत आणि मुदत यांना शिस्त लागेल, यात शंका नाही. पण काडतुसाच्या बाजारात ग्राहकाला दर्जा कळतो तो फार उशिरा, कधी दहा वर्षांनी, जेव्हा डबा उघडला जातो. कमी किमतीची निविदा आणि दहा वर्षांनी उडणारी कॅप या दोन गोष्टींचा मेळ निविदेच्या कागदावर बसत नाही. खासगी असो वा सरकारी, उत्पादकाला खेपेच्या पूर्ण आयुष्याची जबाबदारी घ्यायला लावणारी अट हवी, ही मागणी त्यामुळे अवाजवी म्हणता येणार नाही.

डबा उघडेपर्यंतच्या काळात काय होते, याचा विचार खानदेशात तरी विशेष करायला हवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या असलेल्या पोलिस गाडीत तापमान त्याहून बरेच चढते. नंतर जूनमध्ये हवा एकदम दमट होते. उष्णतेने दारूतील स्थैर्य राखणारे रसायन हळूहळू संपते. टोपीतील मिश्रणाला आघाताबाबत संवेदनशील बनवणारा घटकही फार काळ तीव्र उष्णतेत टिकत नाही. पाऱ्याचे फल्मिनेट वापरणाऱ्या जुन्या टोप्या उष्ण प्रदेशात लवकर निकामी होत, म्हणून जगभर त्यांचा त्याग झाला. आजची मिश्रणे अधिक टिकाऊ आहेत, परंतु हवाबंद डबा एकदा फोडून सुटी काडतुसे पट्ट्यातील कप्प्यांत वर्षभर ठेवली की त्या टिकाऊपणाला अर्थ उरत नाही. रोज तेलाचे बोट फिरवून ‘चकाचक’ ठेवलेली काडतुसे तर आपल्याच हाताने मारलेली असतात. तेल टोपीच्या कडेने आत झिरपते. शस्त्राला तेल आणि काडतुसाला कोरडे फडके, एवढा साधा फरक आहे. भुसावळच्या डब्यांचे महत्त्वही यातच आहे. डब्याचे झाकण हे काडतुसाच्या आयुष्याचे झाकण असते.

पोलिसांच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने शस्त्रे आणि दारूगोळ्याच्या टंचाईकडे, तसेच गोळीबाराच्या अपुऱ्या सरावाकडे लक्ष वेधले होते. सराव कमी म्हणजे काडतुसांची बचत, असा कारकुनी हिशेब मांडला जातो. प्रत्यक्षात जुना साठा सरावात संपवून नवा साठा ठाण्यांवर देणे हाच साठा ताजा ठेवण्याचा मार्ग आहे. सराव थांबला की जुनी काडतुसे पट्ट्यांतच म्हातारी होतात आणि त्यांतील फुसकी कोणती, हे कळण्याचा एकमेव प्रसंग उरतो तो खऱ्या चकमकीचा. शिवाय बार न उडाल्यास हात आपोआप बोल्टकडे गेला पाहिजे. हे प्रतिक्षिप्त कौशल्य वर्षातून एकदा मोजून काही गोळ्या झाडणाऱ्या शिपायाकडून अपेक्षिणे अन्यायाचे आहे. धुळ्याच्या मैदानावर प्रशिक्षणात शिकलेला धडा ठाण्याच्या बंदोबस्तात पाच वर्षे घालवल्यावर किती शिल्लक राहतो, हा गृहखात्याने स्वतःला विचारावा असा प्रश्न आहे. रिकाम्या पुंगळीचा हिशेब आपल्याकडे काटेकोर आहे. एक पुंगळी हरवली तर शिपाई अडचणीत येतो. न उडालेल्या काडतुसाच्या कारणाचा शोध घेण्याबाबत तेवढीच कडक सक्ती दिसत नाही.

कारखान्यातल्या काडतुसाची ही कथा, तर हाताने भरलेल्या काडतुसाचे काय? अमेरिकेत वापरलेली पुंगळी गोळा करून घरी नवी कॅप, दारू आणि गोळी बसवणे हा लाखो नेमबाजांचा कायदेशीर छंद आहे. तेथे तो फोफावला त्याला एक तांत्रिक योगायोगही कारण आहे. टोप्यांचे दोन मुख्य प्रकार १८६० च्या दशकात आले, एक अमेरिकी हायरम बर्डन यांचा आणि दुसरा इंग्रज एडवर्ड बॉक्सर यांचा. बॉक्सर पद्धतीत ऐरण टोपीतच असते, त्यामुळे जुनी टोपी सहज काढता येते. गंमत अशी की, इंग्रजाची टोपी अमेरिकेने स्वीकारली आणि अमेरिकेची टोपी युरोपने. करोनाच्या काळात, २०२० पासून पुढची दोन-तीन वर्षे, अमेरिकेत टोप्यांची एवढी टंचाई झाली की हजारो घरगुती यंत्रे नुसती पडून राहिली. जगातील सर्वांत मोठ्या शस्त्रबाजारातही कोणी घरी टोपी बनवण्याच्या फंदात पडत नाही, हे त्यातून दिसले.

भारतात हे क्षेत्र परवान्याच्या चौकटीत बंदिस्त आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात आणि परवान्याविना उत्पादन हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत वाढवली. ऑलिंपिकमधील नेमबाजांना हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातील पॉइंट २२ च्या काडतुसाला वेगळी टोपीच नसते. मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते आणि ते काडतूस पुन्हा भरता येत नाही. खरेखुरे हाताने भरलेले काडतूस आपल्याकडे राहिले आहे ते ठासणीच्या बंदुकीच्या रूपात. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आजही आहे. सातपुड्याच्या कडेला केळी आणि मक्याची शेती करणाऱ्याला रानडुकरांचा उपद्रव काय असतो हे नव्याने सांगायला नको. या बंदुकीत दारू, चिंध्या आणि छरे प्रत्येक वेळी हाताने ठासायचे, वर कानाला टोपी लावायची. पावसाळी रात्री टोपी फुटते आणि बार होत नाही, कारण कानाचे छिद्र काजळीने बुजलेले असते किंवा दारू सर्दावलेली असते. अधीर होऊन नळीत डोकावणे किंवा वरून पुन्हा दारू ठासणे, या दोन चुकांनी हात आणि डोळे गमावण्याची वेळ येते. परवाना देताना या दोन गोष्टी सांगण्याची व्यवस्था असावी, असे कोणत्याही तालुका कचेरीला वाटू नये, हे आश्चर्य आहे.

आणि मग उमर्टी. चोपडा तालुक्याला लागून, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाच्या सीमेवर या नावाच्या वस्त्या आहेत. पलीकडील बडवानी जिल्ह्यातील उमर्टी गावठी पिस्तुलांच्या भट्ट्यांसाठी कुप्रसिद्ध आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवाईसाठी गेलेल्या जळगाव जिल्ह्यातील पोलिस पथकावर हल्ला झाला आणि एका कर्मचाऱ्याला सीमेपलीकडे पळवून नेण्यात आले. काही तासांनी त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी थेट उमर्टीत शिरून भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. पुण्या-मुंबईच्या टोळ्यांकडे सापडणाऱ्या पिस्तुलांचा माग या खेड्यापर्यंत येतो, ही बाब पोलिसांनी वारंवार सांगितली आहे. येथील सिकलगार कारागिरांचे धातुकामातील कसब पिढीजात आहे आणि त्या कसबाला कायदेशीर रोजगार देण्यात दोन्ही राज्ये कमी पडली, हेही तितकेच खरे.

तथापि छाप्यांच्या बातम्यांत पिस्तुलांची संख्या ठळक असते आणि जिवंत काडतुसांची संख्या शेवटच्या ओळीत. वस्तुतः महत्त्वाचा धागा त्या शेवटच्या ओळीत आहे. पिस्तूल भट्टीवर घडवता येते. कानशीने घासून, जुन्या नमुन्यावरून बेतून ते उभे करता येते. कॅप तशी घडवता येत नाही. तिचे रसायन, तिची नेमकी जाडी आणि एकसारखेपणा ही कारखान्याची कामे आहेत. म्हणून बेकायदा पिस्तुलाच्या बाजाराला काडतुसांसाठी कुठल्या ना कुठल्या कायदेशीर साखळीला गळती लावावीच लागते. ती गळती परवानाधारक विक्रेत्याकडची असेल, परवानाधारकाच्या कोट्यातील असेल किंवा सरकारी साठ्यातील असेल. काडतुसाच्या बुडावर कारखान्याची खूण आणि बहुधा वर्ष कोरलेले असते, आणि तपास तेथून उलट दिशेने नेता येतो. पुन्हा भरलेल्या काडतुसांत तर फुसक्या बारांचे प्रमाण साहजिकच अधिक. टोळीयुद्धात ‘पिस्तूल लॉक झाले’ म्हणून एखादा बचावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यात देव तारी एवढ्यावर न थांबता ते न फुटलेले काडतूस न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाऊन त्याच्या टोपीविषयी अहवाल यायला हवा. मारेकऱ्याच्या नशिबाइतकाच तो पुरवठादाराचा पत्ता असतो.

वरणगावची खेप, धुळ्याचे मैदान, ठाण्यातील पट्टा आणि उमर्टीतून जप्त झालेले पिस्तूल या चारही ठिकाणी लागणारी नोंद एकच आहे. काडतुसाचे वर्ष आणि खेप, शस्त्राचा क्रमांक, डबा कधी फोडला ती तारीख, टोपीवरील ठसा उथळ की खोल, दुसऱ्या आघाताला बार झाला की नाही. पाच रकान्यांची ही वही प्रत्येक पोलिस मुख्यालयाच्या शस्त्रागारात ठेवायला वेगळा निधी लागत नाही. तिची प्रत तिमाहीला निर्माणीकडे आणि गुणवत्ता हमी यंत्रणेकडे गेली, तर सदोष खेप चकमकीआधी परत बोलावता येते. त्यासाठी न उडालेले काडतूस मैदानाच्या कडेला पुरून न टाकता, क्रमांक घालून, जपून ठेवण्याचा एक आदेश पोलिस महासंचालकांच्या कार्यालयातून निघावा लागेल.